पहिले काम फुकट करावे का?

कोल्हापूर, भाद्रपद शुद्ध दशमी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद, दोन्ही मिळाले. ताराबाई पार्कातल्या एका एजंटाने तुला विक्रीचे तीन रिकामे फ्लॅट सजवून द्यायला सांगितले आहे, पैसे एकाचेही देऊ केलेले नाहीत, आणि ‘हे तीन करून दाखव, मग माझ्याकडची सगळी कामे तुलाच’ असा शब्द मात्र दिला आहे. नवीन माणसाला आधी फुकट काम केल्याशिवाय ओळख कशी मिळणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तुझ्या वयात मीही तो विचारला होता आणि चुकीच्या माणसांना विचारला होता. माझे उत्तर ‘करू नकोस’ असे आहे. कारणे सांगताना पत्र थोडे लांबेल.

आधी तुझा हिशेब पाहू. एका टू बीएचकेसाठी तू टेम्पोचे १,८००, हमालीचे १,२००, पडदे धुऊन इस्त्री करण्याचे ६०० आणि फोटोग्राफरचे ३,५०० असे ७,१०० रुपये धरले आहेस. नेलेले सामान परतही आणावे लागते, हे त्यात राहून गेले. परतीचा टेम्पो आणि हमाली धरली की एका फ्लॅटचे १०,१०० आणि तिन्हींचे ३०,३०० रुपये होतात, आणि हे तुझी व तुझ्या मदतनिसाची मजुरी शून्य धरून. शिवाय तुझ्याजवळ सोफ्याचा संच एकच आहे. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागेल. त्या पंधरवड्यात आपल्याकडे घराचा संचकार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, सहसा कोणी देत नाही, म्हणून तुझा सोफा, दोन दिवे, जेवणाचे टेबल आणि कुंड्या त्या फ्लॅटमध्ये कुलूपबंद पडून राहतील. नेमक्या त्याच सुमारास दसऱ्याच्या मुहूर्ताआधी एखादा पैसे देणारा घरमालक तुला बोलावील आणि त्याच्याकडे न्यायला तुझ्याजवळ चटईसुद्धा नसेल. एजंटाला फ्लॅट सजवून घ्यायला हाच पंधरवडा का आठवला, हे तू त्याला विचारले नसशील. त्याच्याकडे या दिवसांत गिऱ्हाईक नसते, वेळ भरपूर असतो.

फायदा कोणाचा, हेही एकदा कागदावर मांड. फ्लॅट ६० लाखांचा धरला आणि दलाली एका बाजूने एक टक्का धरली, तर एजंटाचे ६०,००० रुपये होतात. दोन्ही बाजूंनी घेतली तर त्याच्या दुप्पट. घर चार आठवडे लवकर विकले गेले तर मालकाचा कर्जाचा एक हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स वाचतो. ज्या दोघांना तुझ्या कामातून रोख लाभ होतो तेच दोघे तुला फुकट यायला सांगत आहेत. अमेरिकेत बार्ब श्वार्झ या बाईंनी १९७२ च्या सुमारास विक्रीची घरे सजवून देण्याचा हा आपला व्यवसाय सुरू केला असे मानले जाते, आणि तिकडे आजही काही एजंट सजावटकाराच्या पहिल्या पाहणीचे पैसे स्वतःच्या दलालीतून भरतात. ही गोष्ट तुझ्या एजंटाच्या कानावर सहज घालून बघ. चेहरा पाहण्यासारखा होईल.

पण पैसे बुडतात एवढेच असते, तर मी तुला ‘एकदा बुडव आणि शीक’ म्हणालो असतो. मला खरी भीती दुसरी आहे. फुकट काम करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. हे मी अंगावर घेऊन शिकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ च्या महापुरानंतरचे दिवस होते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, आणि नागाळा पार्काच्या खालच्या अंगाची अनेक घरे तळमजल्यापर्यंत पाण्यात होती. तिथलाच एक तळमजल्याचा फ्लॅट एका एजंटाने मला ‘ओळखीखातर’ सजवायला दिला. रंग नवा होता, परंतु हॉलच्या उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण कमरेएवढ्या उंचीवर रंग फुगला होता आणि बोटाने दाबला की आतून पांढरी भुकटी निघत होती. मी म्हणालो, ही भिंत खरवडून, वाळवून मग रंगवावी लागेल, त्याला दोन महिने लागतील. एजंट हसून म्हणाला, ‘काका, तुम्ही तिथं एक उंच कपाट आणि दोन कुंड्या ठेवा की. बाकी मी बघतो.’ मालक समोर नव्हते, करार नव्हता, बिल नव्हते. कोणाच्या नावाने हट्ट धरायचा, हेच मला सुचेना. मी कपाट ठेवले. घर सुरेख दिसत होते, फोटोही चांगले आले.

तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजकडचे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह घर बघायला आले. त्यांनी पडद्यांकडे पाहिले नाही, दिव्यांकडे पाहिले नाही. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ एवढेच विचारले, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत कुंडी पायाने बाजूला सारून कपाटामागच्या फटीत हात घातला. हात बाहेर काढून त्यांनी तो आधी स्वतः पाहिला आणि मग पत्नीला दाखवला. बोटांना पांढरे लागले होते. ते काही न बोलता निघून गेले. व्यवहार मोडला, आणि आठवडाभरात गावात बोलणे पसरले ते एजंटाचे नव्हे, तर ‘त्या सजावटवाल्याने ओल झाकली होती’ असे. २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेले आणि त्यानंतर तर या शहरात घर घेणारा प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो. त्या शिक्षकांची मी आजवर भेट घेतलेली नाही. घ्यायला हवी होती.

पैसे घेतले असते तर मी कपाट ठेवलेच नसते, अशी फुशारकी मी मारणार नाही. तरी पैसे घेताना मी मालकाशी थेट बोललो असतो, काय करणार आणि काय करणार नाही हे कागदावर आले असते, आणि एजंटाच्या सांगण्यावरून भिंत झाकायला नकार देताना हातात तो कागद असता. फुकट कामात मी एजंटाचा पाहुणा होतो, आणि यजमानाच्या घरात कोणते कपाट कुठे ठेवायचे हे पाहुणा ठरवत नाही.

आता तू म्हणशील, की मग काहीच फुकट द्यायचे नाही का? तसेही नाही. गुजरीतला सराफ दागिना फुकट वजन करून देतो, चार नमुने फुकट दाखवतो, चहाही पाजतो. घडणावळ मात्र वेगळी लावतो. तूही घर एकदा फिरून बघायला पैसे घेऊ नकोस. आपल्या गावात नुसत्या तोंडी सल्ल्याचे पैसे मागितले तर लोक भला मोठा कप चहा देतील, जेवूनच जा म्हणतील, आणि पुन्हा बोलावणार नाहीत. ती पाहणी पाऊण तासाची ठेव. खोलीवार लेखी यादी, म्हणजे कोणते सामान काढायचे, कोणती भिंत रंगवायची, भिंतीवरचे कॅलेंडर काढल्यावर उरणाऱ्या फिकट चौकोनाचे काय करायचे, ती मात्र पैशाने दे, आणि पुढे पूर्ण काम मिळाले तर ते पैसे बिलातून वजा कर.

एक अपवाद मी मान्य करीन. फोटो दाखवायला एक तरी पूर्ण घर हवे, हे तुझे म्हणणे खरे आहे. त्यासाठी तुझ्या आत्याचे राजारामपुरीतले घर घे, कारण ते तू असेही आवरून दिले असतेस आणि आत्या तुला कुठली ओल झाकायला सांगणार नाही. तिथेही रीतसर बिल कर: पडदे, दिवे, वाहतूक, दोन दिवसांची मजुरी, सगळे ओळीने लिही, खाली पूर्ण बेरीज कर आणि मग ‘सवलत’ म्हणून तेवढीच रक्कम वजा दाखव. आत्या हसेल. पण पुढच्या महिन्यात आत्याच्या शेजारीण बाई ‘त्यांना फुकट केलंस म्हणे’ असे म्हणत येतील, तेव्हा दाखवायला तुझ्याकडे भाव असेल. बदल्यात आत्याकडून फोटो वापरण्याची लेखी परवानगी घे आणि सामान कोणत्या तारखेला उचलणार, हेही त्याच कागदावर लिही. नातेवाइकांच्या घरी गेलेली चादर परत येत नाही, हा माझा अनुभव आहे. तुझी आत्या त्याला अपवाद असेलच, तरी तारीख लिही.

एजंटाला तोडू नकोस. त्याचे मालकांशी संबंध आहेत आणि तुला ते हवे आहेत. त्याला सांग की तिन्ही फ्लॅटची पाहणी मी करते, त्याचे काही घेणार नाही, परंतु प्रत्येक मालकाला त्या वेळी तिथे बोलवा. मालक आले की अर्धे काम झाले. मालक देणार नसतील आणि एजंटाला घाईच असेल, तर त्याने स्वतःच्या दलालीतून एका फ्लॅटचा वाहतूक-हमालीचा खर्च आगाऊ द्यावा आणि तुझी मजुरी खरेदीखत नोंदवल्याच्या दिवशी द्यावी, असे लिहून घे. त्यालाही तो नाही म्हणाला, तर ‘सगळी कामे तुलाच’ या शब्दाचे वजन तुला कळेल, आणि तेही एक दिवा न हलवता.

गुरुवारी दुपारी माझ्याकडे ये. येताना बिलाचा नमुना आणि मालकाशी करायच्या कराराचा कच्चा मसुदा आण. त्यात ओल, तडे आणि पुराच्या खुणा झाकणार नाही, हे कलम तुझ्याच शब्दांत लिहून आण, मी फक्त शुद्धलेखन बघीन. आणि उद्यमनगरातल्या त्या टेम्पोवाल्याशी जाण्या-येण्याचे भाडे एकदमच ठरव. परतीच्या वेळी तो दुप्पट सांगतो.

तुझा,
काका