तीन वह्या नकोत, एकच कर

तू माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असशील, म्हणून एकेरीत लिहिते. मूल तीन वर्षांचं, नोकरी पूर्ण वेळ, आणि रात्री वही घेऊन बसलीस की घरचं, राजकारणाचं आणि देवाधर्माचं सगळं एकमेकांत गुंततं, असं तू लिहिलंस. मग तीन वेगळ्या वह्या कराव्यात का, वेळ कुठून आणायचा, आणि घरात मतं जुळत नसताना वही कुणाच्या हाती लागली तर काय, हे तुझे प्रश्न. मी २०१३ पासून लिहिते आहे, मुलगी चार महिन्यांची होती तेव्हापासून. बँकेत कॅश काउंटरला आहे. अकरा वह्या भरल्या, बारावी चालू आहे.

वेळेचं आधी उरकते. रात्री निवांत बसून लिहीन म्हणशील तर कधीच होणार नाही. माझ्या डब्याच्या पिशवीत जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोन कापून ठेवलेले असतात, मागची बाजू कोरी असते. जेवणाच्या सुट्टीत किंवा बसमध्ये दोन ओळी खरडते आणि रविवारी वहीत उतरवते. आठवडा रिकामा गेला तर गेला. तारीख मात्र त्या चिठ्ठीवरच घालायची, रविवारची नाही.

आता वह्यांचं. सुरुवातीला मीही वेगळ्या केल्या होत्या. एकीत मुलीचं, एकीत बाकीचं. माझ्या सासूबाई आणि मी राजकारणात दोन टोकांना. निवडणूक आली की जेवणाच्या ताटावर शब्दाला शब्द लागायचा, आणि मी त्या ‘बाकीच्या’ वहीत त्यांच्याबद्दल फार कडू लिहायची. २०१४ ची ती पानं आज वाचवत नाहीत. त्यात सासूबाई कुठेच नाहीत, नुसता एक विरोधी पक्ष आहे.

त्यांनी चौदा वर्षं आषाढीची वारी पायी केली होती. २०२० मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आम्हा बँकवाल्यांना घरी बसायची मुभा नव्हती, पण त्या दिवशी माझी ड्युटी नव्हती. टीव्हीवर फुलांनी सजवलेली बस दिसली तशा सासूबाई खुर्चीतून उठल्या. गुडघा धरत उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि एसटीच्या त्या चित्राला हात जोडून, बस पडद्यावरून जाईपर्यंत उभ्या राहिल्या. मी मागे कणकेचे हात घेऊन उभी होते. आदल्याच रात्री देवळं बंद ठेवावीत की नाही यावरून आमचं वाजलं होतं. तोवर वही एकच झालेली होती, म्हणून भांडण आणि ती एसटी एकाच पानावर आली. भांडणातलं माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पण ते पान एकत्र वाचल्यावर त्यांच्याशी बोलताना माझा आवाज चढेना. वह्या वेगळ्या असत्या तर एकीत ‘देव’ गेला असता, दुसरीत ‘राजकारण’, आणि त्या बाई दोन्हीकडून निसटल्या असत्या.

आणि हे एकत्र येणं तुझा गोंधळ आहे असं मानूच नकोस. आपल्याकडच्या बायका जात्यावर बसून हेच करत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि त्यांचा संग्रह लाखाच्या वर गेला. त्यातल्या बऱ्याच ओव्या आता ‘पारी’च्या, म्हणजे ग्रामीण भारताबद्दलच्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या, संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. रविवारी भांडी घासताना मी ऐकते. त्यात लेक सासरी जाते, भावाची वाट पाहिली जाते, पंढरीचा विठ्ठल येतो, सीतेच्या वनवासाबद्दलचा राग येतो आणि बाबासाहेब आंबेडकरांबद्दलचा अभिमानही येतो. पहाटे उठून दिवसभराचं पीठ दळायचं आणि मग शेतावर जायचं, अशा आयांचं हे बोलणं आहे. हात कामात गुंतले की मन मोकळं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कधी संसाराचं जातं वेगळं आणि देवाचं वेगळं ठेवलं नाही. त्यांचं लिहून घ्यायला मात्र कुणीतरी यावं लागलं. तुला-मला स्वतःचं स्वतः लिहिता येतं, याची मला फार किंमत वाटते.

राजकारणावर लिहिताना एक नियम मी पाळते, आणि तूही पाळावास असं मनापासून वाटतं. आधी डोळ्यांनी पाहिलेलं, मग मत. मी हे नोटाबंदीत शिकले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मी लिहिलं: ‘बरं झालं. आता काळ्या पैशावाल्यांना कळेल.’ मला तसंच वाटलं होतं. १० तारखेला बँका उघडल्या. ११ तारखेच्या गर्दीत एक आजी काउंटरला आल्या. फडक्याच्या पुरचुंडीत पाचशेच्या तेवीस नोटा. हळदीचा वास येत होता, बहुतेक मसाल्याच्या डब्यातच ठेवलेल्या असणार. तेव्हा एका माणसाला चार हजारच बदलून मिळत होते, बाकीचे खात्यात भरायचे. खातं होतं, पण पासबुक मुलाकडे. त्या काचेजवळ तोंड आणून म्हणाल्या, ‘खात्यात टाकलं तर पोराला कळंल गं.’ मी आठ नोटा घेतल्या, दोन हजाराच्या दोन गुलाबी नोटा दिल्या. सुट्टे माझ्याकडे नव्हते, बाहेरही कुणाकडे नव्हते. उरलेल्या पंधरा नोटा त्यांनी पुन्हा त्याच फडक्यात बांधल्या. मागून रांग ओरडत होती. शनिवार-रविवारीही बँका चालू होत्या. दोन्ही दिवस मी मुलगी झोपल्यावर घरी पोचले. तीन वर्षांची होती, तुझ्या मुलाएवढीच.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा अहवाल आला. रद्द झालेल्या १५.४४ लाख कोटींपैकी १५.२८ लाख कोटी परत आले होते. तो आकडा मी वहीत ८ नोव्हेंबरच्या ओळीखाली लिहिला. वरची ओळ खोडली नाही. नवऱ्याचं मत वेगळं होतं. भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घ्यायला लागली ती त्या धक्क्यामुळेच, असं तो म्हणतो, आणि तेही त्याच पानावर आहे. तुझं मत माझ्यासारखंच व्हावं असं मी म्हणत नाही. पण तारखेनिशी लिहून ठेवलं नसतं तर ‘मला पहिल्यापासून शंका होती’ असं मी आज छातीठोकपणे सांगितलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. राजकारणात आपण सगळेच असं करतो. वही करू देत नाही.

२०१९ च्या लोकसभेला मला निवडणूक ड्युटी लागली. काम शाई लावण्याचं. सकाळपासून सहाशेच्या वर माणसांच्या डाव्या तर्जनीला मी शाई लावली. एका बाईच्या बोटाला इतक्या भेगा होत्या की शाई नखावर राहीना, भेगांतून झिरपत गेली. बोट पुढे करण्याआधी त्यांनी ते पदराला पुसलं. स्वच्छच होतं, तरी पुसलं. मशिन जमा करून घरी यायला रात्रीचे अकरा झाले. घरात कोण निवडून येणार याची चर्चा रंगली होती आणि मला बोलण्यासारखं काही सुचेना. त्या दिवशीच्या पानावर नुसती बोटं आहेत. त्या पानाचा मला आधार वाटतो. राजकारणाचा उबग आला, मतदानाला जाऊच नये असं वाटलं, की मी ते काढून वाचते.

श्रद्धेचं लिहिणं सगळ्यात अवघड, कारण तिथे आपण स्वतःशीही नीट बोलत नाही. ‘मी आस्तिक की नास्तिक’ असा मथळा घालून बसू नकोस. त्या दिवशी काय केलंस तेवढं लिही. मुलगी पाच वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट २२ हजारांवर आल्या. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून मी सप्तशृंगीला बोलले: पोरगी घरी आली की पायऱ्या चढून येईन, ओटी भरीन. हे चिठ्ठीवर लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘सलाईन चालू आहे.’ दोन्ही खरं होतं. ती बरी झाली, आणि मी नवस साफ विसरले. दीड वर्षाने जुनी वही चाळताना ती ओळ सापडली. तोवर माझा विश्वास बराच पातळ झाला होता. जावं की नाही यावर आठवडा काढला. शेवटी गेले, कारण शब्द मी दिला होता, तो मोडायचा तर निदान समोर जाऊन मोडावा असं वाटलं.

ओटी भरली. प्रसन्न वगैरे काही वाटलं नाही. पायऱ्या उतरताना मात्र एकदम आठवलं की त्या रात्री दर तासाला येऊन मुलीच्या हाताला ऊब देणाऱ्या, मला चहा आणून देणाऱ्या सिस्टरचं नाव मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. देवीचं नाव होतं, डॉक्टरांचं होतं, औषधांची सगळी होती. तिचं नव्हतं. मला रडू आलं. तेव्हापासून दिवसभरात कुणी केलेलं बारीकसं चांगलं काही असेल तर मी नावासकट लिहिते. आज मला विचारशील तर माझी पूजा ती एवढीच आहे. सणावाराला घरातली पूजा करते, सासूबाईंना बरं वाटतं आणि मुलीला आरती येते, पण मन खरं लागतं ते इथे.

वही कुणी वाचली तर? वाचतील. माझ्या नवऱ्याने एकदा वाचली, त्याच्यावर चिडून लिहिलेलं पान होतं, तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग मी सांगितलं, वाचू नकोस, आणि वाचलीसच तर मला सांग. तेव्हापासून दोनदा सांगितलं आहे त्याने. कपाटाला कुलूप लावून पाहिलं होतं, त्याने संशयच वाढला. कामावरच्या माणसांची, खातेदारांची नावं किंवा ओळख पटेल असं काही मी कधीच लिहीत नाही, तेवढं तूही सांभाळ. सासूबाईंना मात्र मी स्वतः एक पान वाचून दाखवलं, एसटीचं. भांडणासकट. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा भरताना त्यांनी माझ्या चिठ्ठ्यांसाठी मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून ठेवलेलं होतं.

तुझा मुलगा पुढे वाचेल याची भीती वाटते, असंही लिहिलं आहेस तू. माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. परवा कुणाकडून तरी नोटाबंदीचं ऐकून आली आणि तू तेव्हा काय करत होतीस म्हणून विचारू लागली. मी ती वही काढून दिली. पलंगावर पालथी पडून तिने ८ नोव्हेंबरची ओळ वाचली, मग ११ तारखेचं पान वाचलं, हळदीच्या वासापाशी थांबली. मान वर करून म्हणाली, ‘मग त्या पंधरा नोटांचं त्या आजींनी काय केलं?’

मी पुढची पानं उलटली. ते मी लिहिलेलंच नव्हतं.