मॅमोग्राफीत ठिपके दिसतात, सोनोग्राफी साफ आहे, मग बायोप्सीची सुई कुठे घालायची हे कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५८, मॅमोग्राफीत पांढरे ठिपके आलेत, रिपोर्टवर 'बायरॅड्स ४ बी' (कॅन्सरचा संशय किती, ते सांगणारी श्रेणी) आहे आणि सोनोग्राफीत मात्र काहीच नाही. डॉक्टर स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी, म्हणजे मॅमोग्राफीच्या एक्स-रेवर जागा शोधून सुईने तुकडा घेणं, सांगतायत आणि तुम्हाला शंका आहे की साध्या सोनोग्राफीवर भागत असताना उगाच बिल वाढवतायत.

नाही वाढवत. मी बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. बारा वर्षं एका डायग्नोस्टिक सेंटरच्या मॅमोग्राफीच्या खोलीत टेक्निशियन होते. डॉक्टर नाही, त्यामुळे आईंना काय आहे ते मी सांगणार नाही. पण ही तपासणी कशी होते, ते रोज बघितलंय.

गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर सोनोग्राफीच बरी. सुई आत सरकताना पडद्यावर दिसते, किरण नाहीत, स्तन दाबायचा नाही, बाई आरामात आडवी. १४ गेजची, म्हणजे साधारण २ मिलिमीटर जाडीची सुई स्प्रिंगच्या गनमधून खट् करून सुटते आणि तुकडा घेते. (तो आवाज बाईला आधी हवेत ऐकवायचा. आमच्याकडे एक डॉक्टर विसरायचे आणि मग बाई टेबलावर उडायची.) पण मॅमोग्राफीतले हे पांढरे ठिपके म्हणजे चुन्याचे बारीक कण, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. सोनोग्राफीत ते बहुतेक वेळा हरवतात, एक्स-रेत स्पष्ट उमटतात. जे मशीन बघू शकतं, त्यानेच सुईला वाट दाखवायची, एवढंच. काही डाग फक्त एमआरआयमध्ये, गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावरच दिसतात, तिथे सुईही एमआरआयवरच घालतात.

आता एक्स-रे तर सपाट, मग ठिपका किती खोल आहे ते कसं कळणार? नाकासमोर बोट धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं वाटतं ना? मशीन तेच करतं. स्तन दाबून धरलेला असताना एक फोटो १५ अंश डावीकडून, एक १५ अंश उजवीकडून. ठिपका किती सरकला त्यावरून कॉम्प्युटर खोली काढतो. नवीन मशीनवर हेच टोमोसिंथेसिसने, म्हणजे अनेक कोनांतून फोटो घेऊन होतं. मग जागा बधिर करून एकदाच सुई आत जाते आणि व्हॅक्यूमने आजूबाजूचे बरेच तुकडे एकापाठोपाठ ओढून घेते. त्रास सुईचा कमी, अर्धा तास न हलता बसण्याचा जास्त.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी यानंतरची. शेवयांच्या तुटक्या काड्यांसारखे ते तुकडे बशीत मांडून त्यांचाच एक्स-रे काढतात. तुकड्यांत पांढरे कण दिसले तर सुई बरोबर जागी पोचली, नाही दिसले तर पुन्हा घ्यायचे. त्यानंतर ते फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवणाऱ्या द्रवात. जागी तिळाहून लहान टिटॅनियमची क्लिप सोडतात, म्हणजे पुढे ऑपरेशन लागलंच तर सर्जनला जागा सापडते. तिने काही होत नाही.

दुसरा प्रश्न: सुई लागली की पसरतं का? आमच्या चाळीतल्या एका बेन तर ठणकावून सांगायच्या, "सोय अडे तो फेलाई जाय." सुईच्या वाटेत चार पेशी सरकू शकतात, पण त्याने आजार वाढतो किंवा आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. खरा धोका सुई चुकण्याचा. माझ्या मावशीची गाठ हाताला लागायची म्हणून एका छोट्या हॉस्पिटलात हाताच्या अंदाजानेच सुई घातली. रिपोर्ट आला, काही नाही. सोनोग्राफीतली गाठ वाईट दिसत होती, पण दोन कागद शेजारी ठेवून कुणी बघितलेच नाहीत. पाच महिन्यांनी सोनोग्राफीवर पुन्हा बायोप्सी केली तेव्हा कॅन्सर निघाला. त्या पाच महिन्यांचा राग माझा अजून गेलेला नाही.

४ बी म्हणजे कॅन्सरची शक्यता १० ते ५० टक्के, म्हणजे अशा बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना कॅन्सर निघत नाही. आणि आईंचं दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नका, या कणांशी त्यांचा संबंध नाही.

शहरात सोय झाली नाही तर अहमदाबादला विचारा, नाहीतर मॅमोग्राफीवर बारीक तार ठेवून सर्जन तेवढा भाग काढतात, तोही मार्ग आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. उपाशी नेऊ नका, बसल्या बसल्या चक्कर येते. त्या दिवशी पावडर, डिओडरंट नको, तेही फिल्मवर ठिपक्यांसारखं दिसतं. जुन्या फिल्म बरोबर न्या.

आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की त्यात कॅल्सिफिकेशनचा, म्हणजे याच चुन्याच्या कणांचा, उल्लेख आहे का ते बघा. नसेल, तर तो कागद घेऊन थेट ज्या रेडिऑलॉजिस्टनी तुकडे घेतले त्यांच्याकडे जा, मग त्यावर 'बिनाइन' (कॅन्सर नाही) लिहिलेलं असलं तरी.