दुबईच्या ऑफिसातल्या फिलिपिनो बाईंचं आडनाव 'दिमाकुलांगन' आहे, बाकीचे सगळे सांतोस, रेयेस, गार्सिया. हे आडनाव दुर्मिळ आहे का? त्यांच्यात स्पॅनिश रक्त नाही म्हणून असं आहे का?

दुर्मिळ वगैरे काही नाही. मनिलाच्या दक्षिणेला बातांगास नावाचा प्रांत आहे, तिकडे दिमाकुलांगन, दिमायुगा, दिमाआनो अशी 'दि'ने सुरू होणारी आडनावं भरपूर. तुमच्या दुबईच्या ऑफिसात एकच आहे म्हणून तुम्हाला दुर्मिळ वाटतंय. शब्द तागालोग, म्हणजे तिकडच्या भाषेतला आहे, ज्यात काही कमी करता येत नाही असा साधारण अर्थ. झालं, अर्ध्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

उरलेल्या अर्ध्यासाठी हे सगळं लिहितोय, कारण तुम्ही आडनावावरून थेट रक्तावर गेलात आणि ते मला झोंबलं. मी वसईचा. आडनाव गोन्सालविस. घरात सामवेदी बोलतो, शाळा मराठी माध्यमाची, आणि तरी ट्रेनमध्ये, बँकेत, लग्नात, जिथे जाईन तिथे तोच संवाद. "मूळचे कुठले?" "वसईचे." "हो, पण मूळचे?" अरे मूळचे म्हणजे काय आता, विहिरीत उतरून दाखवू का.

तर ऐका. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य १५६५ पासून १८९८ पर्यंत. एवढ्या काळात तिकडे खुद्द स्पॅनिश माणसं फार कमी गेली, जी गेली त्यात पाद्री आणि सरकारी माणसं जास्त. लोक बाप्तिस्मा घ्यायचे आणि संतांची, क्रुसाची, रोझरीची नावं लावायचे, दे ला क्रूझ, दे लोस सांतोस, देल रोसारिओ वगैरे. एका गावात अर्धी वस्ती दे ला क्रूझ, वर एकाच घरात सख्ख्या भावांची आडनावं वेगळी. कर कुणाकडून घ्यायचा, कोर्टात हजर कोण झालं, लग्न जवळच्या नात्यात होतंय का, काही कळेना. मग नार्सिसो क्लावेरिया नावाच्या गव्हर्नर जनरलने २१ नोव्हेंबर १८४९ ला हुकूम काढला की प्रत्येकाने ठरलेलं आडनाव घ्यायचं, आणि त्यासाठी आडनावांचा एक जाडजूड कॅटलॉग छापून घेतला. साधारण ६१,००० आडनावं. त्यात स्पॅनिश आडनावं तर होतीच, पण झाडं, प्राणी, धातू, गावं, आणि तिकडच्या स्थानिक भाषांतले शब्दसुद्धा.

ही यादी वाटली कशी ते बघा, खरी गंमत तिथे आहे. प्रांताच्या मुख्याकडे कॅटलॉग गेला, त्याने गावागावाला त्यातली पानं पाठवली, गावात पाद्रीबाबा आणि वस्तीचा मुकादम बसले, आणि प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाने समोरच्या यादीतून एक आडनाव उचललं. काही प्रांतांत तर अक्षरंच वाटून दिली. आल्बाय प्रांतात ओआस म्हणून गाव आहे, तिथल्या वाट्याला आर आलं. आजही तिथे आर वरून सुरू होणारी आडनावं ढिगाने सापडतात. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या रेयेसबाईंचं आडनाव तेवढं सांगतं की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पणजोबाच्या बापापुढे कुठलं पान उघडं होतं. बास, त्यापुढे काही नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, म्हणजे नंतर वाचलंही, पण आधी कळलं ते जहाजावर. मी फिटर होतो, आता रिटायर. एका बल्क कॅरियरवर सिंगापूरला जॉईन झालो, ऑफिसर बरेचसे भारतीय आणि क्रू जवळपास सगळा फिलिपिनो. क्रू लिस्ट टाईप करणाऱ्या पोराने माझं गोन्सालविस बघितलं, आजूबाजूला सगळे तसलेच, त्याने खुशाल 'गोन्झालेस' करून टाकलं आणि पुढे नॅशनॅलिटीच्या रकान्यात फिलिपिनो. मला पत्ताच नाही. फिलिपिनो मेसमध्ये माझी खुर्ची लागली, सकाळी भात आणि तळलेला सुका मासा. वसईकराला त्यात तक्रार कसली, सुक्या बोंबलावर वाढलेला माणूस मी, गपगुमान जेवलो.

पुढच्या बंदरात इमिग्रेशनचा माणूस वर आला. टेबलावर पासपोर्टांचे दोन गठ्ठे, फिलिपिनो पासपोर्ट मरून रंगाचे आणि आपले गडद निळे. तो लिस्टवर पेन टेकवून मोजतोय, मरून एक कमी आणि निळा एक जास्त. परत मोजले, परत तेच. कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा. सगळ्यांना ओळीत उभं केलं, एकेकाचं नाव पुकारलं, 'गोन्झालेस' आल्यावर मी पुढे झालो आणि माझ्या हातात निळा पासपोर्ट. त्यातून मधलं नाव वडिलांचं. त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, त्यामुळे तो विचारतोय, तुझ्या आईचं आडनाव जॉन कसं? अर्धा दिवस गेला त्यात. लिस्ट नवीन टाईप झाली, सही-शिक्का झाला, पण मेसमधली माझी खुर्ची काही हलली नाही, कारण बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, हलवू दिली नाही. "तू आमच्यातलाच, पारे."

(पारे म्हणजे मित्रा, 'कंपाद्रे' या स्पॅनिश शब्दावरून. आम्हाला वसईत कुपारी म्हणतात, तोही त्याच शब्दाचा नातेवाईक असं सांगतात. असो.)

हा बोसन ओआसचा. पन्नाशीचा, बारका, दोरखंडाच्या गाठी मारायला बसला की बोटं दिसायची नाहीत. आडनाव अर्थातच आर वरून. त्याच्या शाळेची गोष्ट तो रंगवून सांगायचा, बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा आर पासून सुरुवात आणि आर वरच शेवट, एक पोरगा दुसऱ्या प्रांतातून आला त्याचं आडनाव एम वरून, तर त्याला सगळे बिचारे पाहुण्यासारखं वागवायचे. आणि हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगून झाल्यावर हाच बोसन म्हणायचा की त्याचा खापरपणजोबा स्पेनहून आला होता! मेसमध्ये हशा. चीफ कुक बाउतिस्ता त्याला म्हणायचा, "बोस, तुझा खापरपणजोबा स्पेनहून नाही आला, पानावरून आला." बोसन चिडायचा, पण कधी उत्तर दिलं नाही त्याने.

एका शनिवारी त्यांच्या कॅराओकेत आमचे चीफ इंजिनिअर येऊन बसले होते. पुण्याचे कुलकर्णी, कामात देवमाणूस, पण बोलायला लागले की थांबत नसत. बोसनची स्पेनची गोष्ट ऐकली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "गोन्सालविस, याचं सोड, पण तुमच्यात कुठेतरी पोर्तुगीज असणारच की. नाहीतर आडनाव कसं?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कुलकर्णी. गावचं दप्तर कुठे ठेवलंय? केबिनमध्ये आहे का इंजिन कंट्रोल रूममध्ये?" दोन मिनिटं शांत बसले, मग म्हणाले तसं नसतं रे ते. मी म्हटलं तेच सांगतोय, तसं नसतं.

वसईवर पोर्तुगीज १५३४ ते १७३९, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. धर्मांतर झालं की धर्मपित्याचं नाहीतर पाद्र्याचं आडनाव मिळायचं. त्या दिवशी पाद्री गोन्सालविस असेल तर अख्खी आळी गोन्सालविस. मग आळीत एका आडनावाची इतकी घरं की माणूस ओळखायचा टोपणनावावरून. त्या माणसांची भाषा तीच राहिली, शेती तीच, केळीचे बाग तेच. आमच्याकडे कॅटलॉग नव्हता एवढाच फरक.

आता एक गोष्ट जी फिलिपिनो मंडळींना मी हमखास ऐकवायचो. वसईचा गोन्सालो गार्सिया, जन्म १५५७ च्या आसपास. आधी जपानात जेझुइट पाद्र्यांबरोबर, मग व्यापार, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर झाला, आणि १५९३ ला त्याच संघाच्या पेद्रो बाउतिस्ता या पाद्र्याबरोबर दुभाषा म्हणून परत जपानला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं त्यात हे दोघे. १८६२ ला संतपद. आमच्या वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. हे सांगितल्यावर आमचा कुक बाउतिस्ता एवढा खूश की त्या आठवड्यात मला मासा दुप्पट. पण म्हणून मनिलाचे आजचे गार्सिया वसईचे झाले का? गार्सिया हे फिलिपिन्समधलं अगदी कॉमन आडनाव, दे ला क्रूझच्या जोडीला बसणारं. त्यांचा आमच्या गार्सियाशी काडीचाही संबंध नाही. सारखं आडनाव म्हणजे एक रक्त हे समीकरण इथे पहिल्याच पायरीवर पडतं.

उलटंही बघा. होसे रिझाल, त्यांचा राष्ट्रनायक, १८६१ ते १८९६. घराण्याचा मूळपुरुष चिनी, दोमिंगो लामको. त्याने मर्काडो हे आडनाव घेतलं, म्हणजे बाजार. १८४९ च्या हुकमानंतर घरात रिझाल आलं. थोरला भाऊ पासियानो सरकारच्या डोळ्यांवर आला होता, म्हणून धाकट्याने शाळेत मर्काडो न लावता रिझाल लावलं. बापाच्या बाजूने चिनी मुळाच्या माणसाची दोन स्पॅनिश आडनावं, दोन्ही सोयीसाठी. आणि ज्यांची आडनावं 'को' ने संपतात, कोहुआंगको, युचेंगको, त्यांच्याकडे एखाद्या चिनी पूर्वजाचं आख्खं नाव जोडून त्याचंच आडनाव झालेलं असतं. त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्षा कोरी आकिनो माहेरच्या कोहुआंगको. तुमच्या ऑफिसात एखादा 'को'वाला असेल तर त्याच्या आडनावात निदान खरा माणूस तरी आहे.

हे सगळं मी आमच्या थोरल्या चुलतभावाला कित्येक वर्षं सांगतोय. दादा वयाने मोठा, त्याच्या तोंडावर उलट बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. दादाच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे, इंटरनेटवरून मागवलेलं 'घराण्याचं राजचिन्ह', त्यात ढाल, वर मुकुट, बाजूला सिंहासारखं काहीतरी. पाहुणा आला की दादा त्याला आधी तिथे नेतो, चहा नंतर. पोर्तुगालचा पासपोर्ट मिळेल म्हणून एजंटाकडेही जाऊन आला. आता गोवा, दमण, दीव १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे होतं, तिथे त्याआधी जन्मलेल्यांचं प्रकरण वेगळं. आपली वसई १७३९ लाच गेली ना दादा, चिमाजी अप्पांच्या आधीचा जन्मदाखला आणणार कुठून? एजंटने फी मात्र घेतली.

आता थोडं सावरून घेतो, नाहीतर कुणीतरी येऊन दुरुस्त्या करेल. फिलिपिन्समध्ये खरे मेस्तिझो, म्हणजे मिश्र रक्ताचे लोक, आहेतच, स्पॅनिश मुळाची घराणी आहेत, फक्त ते आडनावावरून ठरत नाही. ज्यांच्याकडे चार पिढ्यांपासून आडनाव चालत आलं होतं त्यांना ते ठेवायची मुभा होती, जुन्या राजघराण्यातल्या लाकांदुलासारख्यांची गोष्ट वेगळी. कॅटलॉगात स्थानिक शब्द होते म्हटलं ना, त्यामुळे दिमाकुलांगन स्पॅनिश नाही म्हणजे हुकमाच्या आधीपासूनचंच आहे असंही धरू नका, दोन्ही शक्यता आहेत. कोर्दियेराचे डोंगर आणि मिंदानाओतले मुस्लिम भाग स्पेनच्या हातात नीट कधी आलेच नाहीत, तिथल्या आडनावांना हे काही लागू नाही. आणि अक्षरांचा खेळ सगळ्या प्रांतांत सारखा झाला नाही, माणसंही तेव्हापासून बरीच इकडून तिकडे गेली. वसईबद्दल म्हणाल तर गोन्सालो गार्सियाचे वडील पोर्तुगीज होते असं मानतात, आई इथली. म्हणजे कुठे नाही असं नाही. दादा, हे वाक्य वाचून फोन करू नकोस.

त्या बाईंना विचारायचंच असेल तर रक्ताचं विचारू नका, गाव विचारा. 'बातांगासच्या का?' एवढंच. फिलिपिनो माणसाला प्रांत विचारला की तो खुलतो, पुढचं सगळं आपणहून सांगतो, आईचं आडनाव, आजोळ, कुठल्या भागाची बोली, कुठली कॉफी चांगली (बातांगासचे असतील तर कॉफीवर अर्धा तास धरून चाला). आयडी कार्डावर मधलं नाव दिसत असेल तर ते आईचं माहेरचं, किंवा लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं असेल तर बाईचं स्वतःचं माहेरचं आहे हे लक्षात ठेवा, आपल्यासारखं वडिलांचं समजून 'मिसेस अमुक' करू नका, आमच्या बोसनच्या बायकोला एका एजंटाने तसं केलं होतं आणि तिने त्याला बंदरावरच झापला होता.

गोव्याच्या मंडळींनी पासपोर्टवरून कमेंटमध्ये भांडू नये, तुमचं वेगळं आहे हे वर लिहिलंय.