मॅन्युअल गाडीत बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवताना क्लचची वायर जोडावीच लागते का?

जोडावीच लागते. क्रूझ रेसवर पाय न ठेवता गाडीचा ठरवलेला वेग धरून ठेवते, आणि क्लच दाबताक्षणी ती सुटली पाहिजे. आणि वायर जोडली की नाही यापेक्षा कुठे जोडली, हे जास्त महत्त्वाचं आहे. तुमचा दुकानदार म्हणतो, ‘ब्रेकची वायर पुरे, शिवाय गाडीत क्लच स्विच आहेच.’ नेमकं हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी पुण्यात गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. तरीही आमच्या साडूंनी त्यांच्या डिझेल गाडीत किट बसवलं ते एका चकचकीत ॲक्सेसरीच्या दुकानात. घरात माणूस असताना. मला ते लागलं होतं, अजूनही लागतं. पण खरं भांडण पुढे झालं.

मुंबईहून एक्स्प्रेसवेने परत येत होतो. खालापूरचा टोल मागे पडला, पाचव्या गिअरमध्ये क्रूझ लावलेली. बोरघाटाचा चढ सुरू झाल्यावर गाडी दमायला लागली आणि वेग टिकवण्यासाठी क्रूझ रेस वाढवत गेली. साडूंनी चौथा टाकायला क्लचवर पाय ठेवला. क्लच अर्धा दबला असेल नसेल, इंजिन असं ओरडलं की मागे बसलेल्या दोघी बहिणी एकदम पुढे सरकल्या. आरपीएमचा काटा लाल पट्टीकडे गेला. पेडल तळाला टेकलं, तेव्हा कुठे क्रूझ सुटली. साडू म्हणाले, "सुटली ना? मग झालं तर!"

झालं नव्हतं. घरी आल्यावर मोबाइलच्या उजेडात पेडलखाली डोकं घातलं. दुकानदाराने किटची वायर सेल्फच्या क्लच स्विचवर टोचली होती. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तो हा स्विच. तो पेडल पार तळाला गेल्यावरच काम करतो, कारण त्याचं कामच तेवढं. क्रूझला लागतो तो पेडलच्या वरच्या टोकाचा स्विच. पाय नुसता टेकून पेडल जरासं हललं की तो बदलला पाहिजे. या दोन टोकांच्या मधल्या प्रवासात इंजिन चाकांपासून सुटत जातं, त्याच्यावर भार उरत नाही आणि क्रूझ मात्र रेस धरून बसलेली असते. काही किट आरपीएमची उडी ओळखून सुटतात, पण त्यासाठी उडी आधी पडावी लागते. त्या भरवशावर वायर वाचवू नये.

मी पेडलच्या पट्टीला वरच्या बाजूने प्लंजर स्विच (दांडी दबली-सुटली की बदलणारा) बसवला. मल्टीमीटर बीपवर ठेवून हाताने पेडल हळूहळू दाबलं आणि पहिल्याच सेंटिमीटरात बीप थांबेल असा नट आवळला. ब्रेक स्विचमध्ये बहुतेक गाड्यांत कॉन्टॅक्टच्या दोन जोड्या असतात. एक ब्रेक दाबल्यावर दिव्यांना करंट देते, दुसरी पाय नसताना जोडलेली असते आणि दाबल्यावर तुटते. किटच्या नकाशात सोय असेल तर क्लच स्विच या दुसऱ्या जोडीच्या लाइनमध्ये सिरीजला, म्हणजे एकामागे एक, घालावा. म्हणजे उद्या वायर तुटली, कपलर (वायरींचा जोड) सैल झाला, तर क्रूझ सुटेल. अडकून बसणार नाही. साडूंना हे दाखवलं तर म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?" हो, एवढ्यासाठीच. चढावर गिअर बदलताना तुमच्या मागे ट्रक असतो.

रेसच्या पेडलकडेही बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या, म्हणजे रेसला केबल नसलेल्या गाडीत पेडलमधून दोन वेगळे सिग्नल निघतात, बऱ्याच गाड्यांत एक दुसऱ्याच्या निम्म्या व्होल्टेजचा असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते सतत ताडून पाहतो. मेळ बसला नाही की चेक लाइट लागतो आणि गाडी रेसच घेत नाही. म्हणून या वायरींना टोचणाऱ्या क्लिपा नकोत. किटसोबत त्या गाडीचा तयार कपलर आला असेल तर तोच लावायला सांगा, नसेल तर सोल्डर आणि वर स्लीव्ह. नुसती टेप गुंडाळणाऱ्याला गाडीतून उतरवा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. गाडी वॉरंटीत असेल तर हार्नेस (गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा) कापू नका, आधी त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीची क्रूझ येते का ते विचारा. काही गाड्यांत स्टिअरिंगचे स्विच बसवून ईसीयूत ती चालू करता येते, पण तिथे एअरबॅग काढावी लागते, घरी करू नका. केबलच्या रेसची जुनी गाडी असेल तर वर पेडलच्या सिग्नलबद्दल लिहिलेलं लागू नाही, क्लचचं मात्र तसंच लागू आहे. मागे एलईडी ब्रेक लाइट लावले असतील तर काही किट क्रूझ घेतच नाहीत, कारण ते बल्बमधून अर्थिंग शोधतात. तिथे रिले (करंटवर चालणारा स्विच) घालावा लागतो. पावसात आणि घाटात क्रूझ लावायचीच नाही. हे साडूंनाही सांगून झालंय.

दुकानातून गाडी घेताना पैसे देण्याआधी मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साठला क्रूझ लावा आणि क्लचला पाय नुसता टेकवून पेडल किंचित हलवा. क्रूझचा दिवा तिथेच गेला पाहिजे आणि गाडीने वेग सोडायला लागलं पाहिजे. पेडल आणखी दाबताना काटा वर चढला तर गाडी तिथेच परत द्या. आमचे साडू अजून म्हणतात की दुकानदाराचं काम बरोबर होतं. गाडी मात्र माझ्या स्विचवर चालते.