तिसरा रकाना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गाडीखाली मेलेल्या रानप्राण्यांतल्या जंतांचा तुझा तक्ता मिळाला. अकरा प्राणी, सगळे डांबरावरून उचललेले: चार कोल्हे, तीन उदमांजरं, दोन मुंगसं, एक बाऊल (रानमांजर), एक ससा. सहांपुढे जंतांची नावं आहेत आणि पाचांपुढे नुसती आडवी रेघ. त्या रेघांनी माझी दुपारची झोप घालवली, तेव्हा आधी त्यांच्याबद्दलच लिहितो.

रेघ म्हणजे काय? आतडं उघडलं, धुतलं, खरवडलं आणि काही मिळालं नाही? की चाकाखाली पोटाचा चेंदामेंदा झाला होता, बघायला काही उरलंच नव्हतं? रकाने तीन कर: ‘सापडलं’, ‘पाहिलं, नाही’ आणि ‘पाहता आलं नाही’. आणि हे प्राण्यामागे एकदा नको, अवयवामागे हवं. फुप्फुस शाबूत आणि आतडं गेलेलं, असं नेहमीच होतं.

मला हे उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला मी वहीत फक्त सापडलेलं लिहायचो, जंत मिळाला की दिवस सार्थकी. बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याने विचारलं, तुमच्या कोल्ह्यांपैकी किती जणांत हायडॅटिडचा पट्टकृमी (मेंढीच्या अवयवांतल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्या-कोल्ह्यांच्या आतड्यात येणारा चपटा जंत) नव्हता? वही चाळली. एकूण कोल्हे किती उघडले, हेच कुठे लिहिलेलं नव्हतं.

‘नाही’ची किंमत बघायची तर युरोपात बघ. तिथल्या रेड फॉक्सला आपली पुस्तकं कोल्हा म्हणून मोकळी होतात, पण तो आपल्या खोकडाचा भाऊ, आपला कोल्हा म्हणजे जॅकल. तर त्या खोकडाच्या आतड्यात एकायनोकॉकस मल्टिलोक्युलारिस नावाचा काही मिलिमीटरचा पट्टकृमी राहतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात कर्करोगासारखा पसरत जातो. फिनलंड आणि आयर्लंड म्हणतात, आमच्याकडे हा नाही. असं म्हणत राहण्यासाठी त्यांना दरवर्षी पुरेसे प्राणी तपासावे लागतात: लागण १ टक्का जरी असती तरी ती ९५ टक्के खात्रीने पकडली गेली असती, इतके. त्या ‘नाही’च्या जोरावर तिथे येणाऱ्या कुत्र्याला आधीच्या १ ते ५ दिवसांत प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्यावंच लागतं. स्वीडनही वर्षानुवर्षं शेकडो खोकडं तपासून ‘नाही’ म्हणत होता. २०११ च्या सुरुवातीला एका खोकडात तो सापडला आणि कुत्र्यांवर अशी सक्ती करण्याचा हक्क गेला.

हिशोब सोपा आहे. एकही बाधित मिळाला नाही, तर ३ ला तपासलेल्या प्राण्यांच्या संख्येने भाग. ३०० तपासलेस तर लागण फार तर १ टक्का असेल. ३० तपासलेस तर १० टक्केही असू शकते. तुझे कोल्हे चार आहेत, तेव्हा ‘आपल्या भागात हायडॅटिड नाही’ हे वाक्य अहवालातून आजच खोड. मेंढ्यांचे वाडे जवळ आहेत आणि कापलेल्या मेंढीचं आतलं सगळं कुत्र्यांना टाकतात म्हणतेस, मग तर नक्कीच खोड.

तो जंत मुळात दिसतो कसा, हेही सांगतो, कारण मला वाटतं तू तो पाहून न पाहिल्यासारखा केला असशील. लांबी तिळाएवढी, रंग पांढुरका, तीन-चार खंड. छोट्या आतड्याचे तुकडे कर, उभे चीर, स्लाइडच्या कडेने अस्तर खरवड. सगळं बादलीत पाण्यात सोड, गाळ खाली बसू दे, वरचं पाणी अलगद ओत, पुन्हा पाणी घाल. पाणी नितळ होईपर्यंत हेच. मग गाळ थोडाथोडा काळ्या ट्रेमध्ये घे आणि भिंगाखाली बघ. पांढऱ्या ट्रेमध्ये मी स्वतः फसलोय.

अन्ननलिका लोक विसरतात. ती उभी चीर. छातीतल्या भागात बोराएवढी गाठ आणि तिला बारीक भोक दिसलं, तर आत गुलाबी-लाल जंत वेटोळे घालून बसलेले असतील: स्पायरोसर्का. गावच्या कुत्र्यातही हाच. शेणकिड्यांमार्फत फिरतो, म्हणून ओढ्याकाठी कोण कुणाच्या वाटेने जातंय ते त्यावरून कळतं. महाधमनीही बघ, तिथे व्रण राहतात.

आता तुझ्या जिवाचं. कोल्ह्याच्या आतड्यातली अंडी तुलाच लागण करतात. कॉलेजच्या फ्रीजरच्या उणे २० अंशांना ती जुमानत नाहीत. उणे ८० मध्ये आठवडाभर ठेवून मगच आतडं उघड. सॅनिटायझरचाही उपयोग नाही. हात साबणाने धू, अवजारं उकळ. रेबीजची लस आधीच घेऊन ठेव. आणि गाडीची जखम नसताना नाकातून, गुदद्वारातून काळसर रक्त येत असेल तर सुरी लावूच नकोस. फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते, जनावरांच्या डॉक्टरांना बोलाव.

उचलण्यापूर्वी वनरक्षकाला फोन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता आहे, लेखी परवानगी खिशात हवी. पंचनामा होईपर्यंत तो उन्हात शिजतो, हे मला माहीत आहे. त्या वेळेत निदान परवानगीने पिशवीत घालून तोंड बांध. अंग गार पडू लागलं की गोचिडी आणि पिसवा निघून जातात, आणि मग तुझ्या तक्त्यात ‘गोचीड नाही’ असं खोटं लिहिलं जातं. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिही, अल्कोहोलमध्ये पेनची शाई विरघळते.

रस्त्यावर मेलेले प्राणी म्हणजे अख्खं रान नव्हे, एवढं लक्षात ठेव. ढाब्यामागच्या कोंबडीच्या पिसांवर येणारा, घर सोडून नवी जागा शोधणारा तरणा नर, असेच जास्त सापडतात. म्हणून वय, लिंग आणि जवळ ढाबा आहे का, हेही लिहीत जा.

तक्त्यातला सातवा प्राणी, उदमांजर. आतड्यापुढे रेघ, यकृतापुढे रेघ, फुप्फुसाचा रकाना कोरा. फोटोत छाती शाबूत दिसतेय. फुप्फुस उघडलं होतंस का? तेवढं उलट टपाली कळव.

तुझे,
सर