कृषी सल्ला: दिवसाच्या उन्हाइतकीच रात्रीची ऊबही नोंदवा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

या वेळी तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. "हवेत कार्बन डायऑक्साइड चिमूटभर, त्याने पृथ्वी कशी तापेल?" दुसरा, "हा वायू तर पिकाचं अन्न, मग वाढला तर फायदाच ना?" आणि तिसरा, "पीक हिरवंगार होतं, खत-पाणी वेळेवर दिलं, तरी दाणा पोचट का राहिला?" उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

ढगाळ रात्र उबदार जाते आणि निरभ्र रात्री गारठा पडतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग ती शोषून घेतात आणि काही भाग परत खाली पाठवतात. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू ढग नसतानाही तेच काम करतात. कोरड्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के भरतात खरे, पण ही उष्णता त्यांच्यातून सरळ निघून जाते. त्यामुळे अडवण्याचं काम उरलेल्या चिमटीकडेच येतं. फवारणीच्या टाकीत पाणी किती आणि औषध किती असतं ते आठवा. हे वायू अजिबात नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. आज ते १५ अंशांच्या आसपास आहे. तेव्हा वायू वैरी नाहीत, मात्रा बिघडली आहे.

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत. मुख्य कारण कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळणं, त्याखालोखाल जंगलतोड. ज्वालामुखींचं नाव बरेच जण घेतात, पण माणूस सोडतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही कार्बन डायऑक्साइड ते सोडत नाहीत. सूर्य जास्त तापला म्हणावं तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो उलट थंड होत चालला आहे. ओझोनच्या छिद्राचाही उल्लेख काहींनी केला आहे. तो प्रश्न वेगळा, इथे त्याची सरमिसळ नको.

आता पोचट दाणा. पीक दिवसा कमावतं आणि रात्री खर्च करतं. पानात तयार झालेली साखर रात्रीच्या श्वसनात जळते, आणि रात्र जितकी उबदार तितकी जास्त जळते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या जमिनीवर रात्रीचं तापमान दिवसाच्या मानाने वेगाने वाढलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९९२ ते २००३ या काळातल्या आपल्या शेतातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशाने वाढलं की भाताचं उत्पादन सुमारे १० टक्के घटलेलं दिसलं. कमाल तापमानाचा तसा ठळक परिणाम आढळला नाही. हे वाचेपर्यंत मीही शेतावर गेलो की "काल ऊन किती होतं?" एवढंच विचारायचो!

अर्थात उन्हाला सोडून द्यायचं असं नाही. भाताच्या फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर राहिला तर परागकण निकामी होऊन दाणे रिकामे राहतात. गव्हाला दाणा भरताना उष्णता लागली की तो लवकर पिकतो, भरायला दिवसच मिळत नाहीत आणि दाणा बारीक होतो. त्यामुळे हिरवंगार शेत पाहून उत्पादनाचा अंदाज बांधू नका.

कार्बन अन्न आहे, हे खरंच आहे. भात, गहू, सोयाबीन यांना वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा फायदा होतो. मका, ज्वारी, ऊस यांना पाणी पुरेसं असेल तर फारसा नाही. पण भात-गव्हाच्या दाण्यातली प्रथिनं, जस्त आणि लोह त्याने घटतात. शिवाय तणही तेच अन्न खातं. मिळणारा फायदा उष्णता आणि पाण्याचा ताण खाऊन टाकतात, म्हणून या भरवशावर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाबद्दल थोडक्यात. हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणून जमीन लवकर सुकते आणि कोसळतो तेव्हा धो-धो कोसळतो. आच्छादन आणि बांध-चर ही दोन्ही कामं यासाठीच आहेत.

करायचं काय, तर आधी किमान तापमान दाखवणारा तापमापक घ्या. सावलीत, वारा खेळेल असा, साधारण छातीच्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी आकडा लिहा. शेजारी फुलोरा कधी आला, दाणा कधी भरू लागला त्या तारखा टाका. तीन-चार वर्षांच्या नोंदी असल्या की पेरणी पुढे-मागे करायची की लवकर तयार होणारं वाण घ्यायचं, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

नत्र एकदम देऊ नका, हप्त्यांत विभागून द्या. दिलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो, आणि गेलेलं नत्र तुमच्याच पैशाचं असतं.

भातखाचरात कायम पाणी साचलं की चिखलातले जिवाणू मिथेन तयार करतात. लावणीनंतर रोप रुजलं की भोकं पाडलेली नळी जमिनीत रोवा. आत पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेली की पुन्हा पाणी द्या. पाणी वाचतं आणि मिथेन तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने घटतो. फुलोऱ्यात मात्र हा प्रयोग थांबवा, तेव्हा खाचरात पाणी उभं हवंच.

पुढच्या वेळी पोचट दाण्याची तक्रार घेऊन याल तेव्हा वहीही सोबत आणा. फुलोऱ्याची तारीख लिहिलेली नसेल, तर नुसत्या तापमानावरून मला नेमकं कारण सांगता येणार नाही.