देवमाशांच्या अभ्यासासाठी कोणता ड्रोन घ्यावा? त्यातून त्यांच्या तब्येतीचं खरंच काही कळतं का?

ड्रोन परवडेल तो घ्या. वाऱ्यात टिकणारा आणि बोटीवर हातात झेलता येणारा असला म्हणजे झालं. विचारायला हवं ते वेगळंच: पाण्यापासून आपण नेमके किती उंचीवर आहोत, हे त्या ड्रोनला कळतं का? या एका गोष्टीपायी माझी तीन महिन्यांची मेहनत निम्मी वाया गेली आणि खापर माझ्यावर फुटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सदर्न राइट व्हेलवरच्या एका प्रकल्पात फोटोंवरून मापं घेण्याचं काम माझ्याकडे होतं. या जातीच्या माद्या उथळ खाडीत येऊन वितात आणि पुढचे तीनेक महिने जवळजवळ काहीही न खाता पिल्लाला पाजतात. सगळं अंगावरच्या चरबीतून. त्यामुळे वरून सरळ खाली काढलेल्या फोटोंत आई आठवड्या-आठवड्याला रोडावताना दिसते. मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घ्यायची आणि तिच्या दर ५ टक्क्यांवर रुंदी. पाठीची कमान झालेली असेल किंवा अंग कुशीवर कललेलं असेल तर फोटो बाद. दिवसाला चाळीस-पन्नास फोटो मी असे मोजायचे.

तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू चार दिवसांत २० सेंटीमीटर आखूड झालं. आई तीच होती, कारण तिच्या डोक्यावरचे खरखरीत पांढरे चट्टे मला पाठ झाले होते. आणि या जातीची पिल्लं त्या वयात दिवसाला तीन सेंटीमीटरच्या आसपास वाढतात, आखूड कशी होतील? मी आकडे दाखवले तर आमचे प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, “टोकं नीट धरत जा. घाई करू नकोस.”

त्या रात्री तारखा आणि क्रमांक झाकून साठ फोटो मी पुन्हा मोजले. आधीच्या मापांत आणि नव्या मापांत दोन-तीन सेंटीमीटरपलीकडे फरक नव्हता. मग लक्षात आलं की काही फोटोंच्या कोपऱ्यात आमचीच बोट आली आहे. बोट टेपने मोजून ६.२ मीटर. फोटोंतून काढली तर एका दिवशी ५.८, दुसऱ्या दिवशी ६.६! बोट तर वाढत नाही की आटत नाही.

चूक उंचीची होती. फोटोतलं माप मीटरमध्ये आणायला ड्रोनची उंचीच धरावी लागते, ती चुकली की लांबीही चुकते. ड्रोन उंची हवेच्या दाबावरून काढतो आणि जिथून उडाला तिथे शून्य धरतो. आम्ही तो हातातून सोडायचो, म्हणजे शून्यच मुळात पाण्याच्या वर. त्यात उडता उडता दाब बदलला की मीटर-दोन मीटर सहज सरकतात. ३० मीटरवर २ मीटरची चूक म्हणजे जवळजवळ ७ टक्के. साडेपाच मीटरच्या पिल्लाच्या लांबीत ते ३७ सेंटीमीटर होतात, म्हणजे बारा दिवसांची वाढ! ड्रोनखाली छोटा लेझर उंचीमापक लावला की हा प्रश्न सुटतो. तो घ्या, असं मी मोहिमेआधी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं: वजन वाढेल, बॅटरी लवकर संपेल, शिवाय रुंदीला लांबीने भागलं की उंची आपोआप कटते, गुणोत्तर पुरे.

गुणोत्तराने आई किती रोडावली ते कळतं, पण पिल्लू किती वाढलं ते कळत नाही. आणि आईच्या अंगावरून उतरलेलं पिल्लाच्या अंगी किती लागलं, हाच तर आमचा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियातल्या अशाच अभ्यासात (२०१८) आयांनी त्या काळात अंगाचा सुमारे चौथा हिस्सा गमावलेला दिसला, आणि मोठ्या, धष्टपुष्ट आयांची पिल्लं जास्त वेगाने वाढली. आमच्या अहवालातून पिल्लांचा भागच गळला. कारण दिलं ‘मापनातील त्रुटी’. कोणाची, ते लिहिलं नाही. ते दोन शब्द मला अजून टोचतात.

त्यामुळे “ड्रोनने नुसते सुंदर व्हिडिओ मिळतात” असं कोणी म्हटलं की मला राग येतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्याजवळ चरणाऱ्या ग्रे व्हेलची लांबी २००० सालापासून सुमारे १३ टक्क्यांनी घटली आहे. २०२० मध्ये जन्मलेली पूर्ण वाढल्यावर २००० पूर्वीच्यांपेक्षा १.६५ मीटरने आखूड भरेल, असा अंदाज आहे. हे ड्रोनच्या फोटोंतूनच निघालं. देवमासा श्वास सोडताना उडणारा फवारा पकडून तपासण्याचं काम मी केलेलं नाही, पण २०१० मध्येच करीना असेव्हेडो-व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी छोट्या रिमोट हेलिकॉप्टरला पेट्री डिश (प्रयोगशाळेतली उथळ बशी) बांधून त्यातले जिवाणू तपासले होते. पुढे सिडनीजवळ व्हेनेसा पिरोटा यांच्या गटाने डिशला दुरून उघडणारं झाकण बसवलं, म्हणजे वाटेतली हवा आणि समुद्राचे तुषार त्यात मिसळत नाहीत. हंपबॅक देवमाशांच्या त्या नमुन्यांत ६ नवे विषाणू सापडले. वागणुकीचं म्हणाल, तर बोटीवरून फक्त पाठ दिसते. पिल्लू किती वेळ आईखाली जातं, आई कधी उलटी होऊन त्याला टाळते, हे वरूनच दिसतं.

हे वाचून लगेच ड्रोन घेऊन निघू नका. बहुतेक देशांत परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. हवेतला आवाज जवळजवळ सरळ खाली पडला तरच पाण्यात शिरतो, म्हणून ३० मीटरवर राइट व्हेल सहसा दखल घेत नाहीत. पण ड्रोन कमी उंचीवर असताना बेलुगांनी (पांढऱ्या देवमाशांनी) अचानक बुडी मारल्याच्या नोंदी आहेत. आईने दिशा बदलली की वर चढा आणि निघा.

आणि हेही सांगते: तुम्हाला फक्त रोडपणाच पाहायचा असेल तर आमच्या प्रमुखांचं गुणोत्तर खरंच पुरतं, लेझरवर खर्च करू नका. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं. पण पिल्लाची वाढ मोजायची असेल तर लेझर घ्याच, आणि तरीही बॅटरी बदलली की पहिला फोटो स्वतःच्या बोटीचा काढा. बोटीची टेपने घेतलेली लांबी त्याच दिवशी वहीत लिहा, आणि वही स्वतःजवळ ठेवा.